दोन उलटसुलट बाण

बारामती,
रथसप्तमीचा दुसरा दिवस

बावड्याचे निवृत्त विज्ञानशिक्षक आणि आमच्या घरातील ज्येष्ठ मेहुणे मा. मोहनराव यांच्या सेवेशी,

नारायणचा साष्टांग नमस्कार पावता व्हावा. (पाठीला पट्टा असल्यामुळे प्रत्यक्षात निम्मेच वाकता आले आहे, उरलेला नमस्कार देणे बाकी म्हणून धरावा.) आपला गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालूनच हाका मारायला लावतो? वहिनींचा दमा या थंडीत शांत आहे, असे समजून चालतो. आपण पाठवलेली पेरूंची करंडी सुखरूप पोहोचली. त्यांतील एक पेरू खाण्याऐवजी प्रयोगाच्या कामी आला, त्याबद्दल यशोदेकडून मला जे ऐकून घ्यावे लागले ते आपल्या भगिनीचे शब्द असल्यामुळे आपणास परिचित असतील.

पत्रास विशेष कारण नाही. फोन करावा, असे यशोदेचे मत पडले. परंतु फोनवर आपले बोलणे रंगात येते न येते तोच आपल्या दुकानात कोणीतरी खताचे पोते मागायला येतो. शिवाय मला जे लिहायचे आहे त्यात वरचेवर दोन उलटसुलट बाणांची खूण काढावी लागते, आणि ती मोबाईलच्या कळफलकावर मला कोठेही सापडलेली नाही. म्हणून हा कागद.

संक्रांतीपूर्वी ओवीच्या शाळेत पालकसभा झाली. रसायनशास्त्राच्या बाईंनी अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले, की आपली ओवी ‘आयनिक समतोल’ या धड्यात गटांगळ्या खात आहे. उत्तरपत्रिका मी स्वतः पाहिली. गुणांपेक्षा लाल शाईच अधिक होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारी हयात कारखान्याच्या लेखा विभागात गेली. जे खाते चालत नाही ते वेळेवर बंद करावे, हा माझा सिद्धांत. त्याच संध्याकाळी मी जाहीर केले, की येत्या जूनपासून ओवीने अकरावी वाणिज्यला नव्याने बसावे. एक वर्ष जाईल, पण पुढची वाचतील. (भाऊबीजेच्या ताटावर आपण म्हणाला होता, की भाची मामावर गेली आहे, तिला विज्ञानच द्या. त्यावर मी ‘मामाने विज्ञान घेऊन शेवटी खतच विकले’ असे म्हणालो होतो. ते वाक्य या पत्रापुरते आपण विसरावे.)

ओवी रडली नाही. रडली असती तर निर्णय टिकला असता. ती म्हणाली, “बाबा, मला थोडा वेळ द्या. हाच धडा मी तुम्हाला शिकवते. तुम्हाला समजला तर मलाही समजला, असं धरायचं. मग सायन्स सोडायचं नाही. नाही समजला, तर कॉमर्स.” महाशिवरात्रीपर्यंतची मुदत ठरली. प्रस्ताव मला रास्त वाटला, कारण ज्याला समजले त्यालाच समजावता येते. परंतु तिने लगेच पुढे विचारले, “आणि तुम्ही मुद्दामच ‘नाही समजलं’ म्हणालात तर?” मोहनराव, हा घाव वर्मी लागला. ज्याचा निकालात हितसंबंध, त्याने तपासणी करू नये, हे मी इतरांना जन्मभर शिकवत आलो. आणि माझ्याच घरात परीक्षार्थी मी, परीक्षकही मी, शिवाय मी नापास होण्यातच माझा विजय! तेव्हा परीक्षक त्रयस्थ असावा, असे ठरले. नाव मात्र तेव्हा ठरले नाही.

पहिल्याच पाठाला भांडण झाले. ओवीने वहीत डावीकडे काही लिहिले, उजवीकडे काही लिहिले आणि मध्ये ते दोन बाण (⇌) काढले, एक जाणारा, एक येणारा. म्हणाली, हा समतोल. मी म्हणालो, समतोल असेल तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. जमाखर्चाची तेरीज जुळली नाही तर मी पान उलटू देत नाही. ती म्हणाली, बाजू सारख्या नसतात, वेग सारखे असतात. डावीकडे ढीगभर आणि उजवीकडे चिमूटभर असले तरी तो समतोलच. मी पुस्तक मिटले. ज्या शास्त्रात डावीकडे ढीग आणि उजवीकडे चिमूट असूनही हिशेब जुळला म्हणतात, ते शास्त्र माझ्या मुलीने शिकावे असे मला वाटेना. (खरे सांगायचे तर त्या क्षणी मला आनंद झाला. समजले नाही, म्हणजे जिंकलो.)

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे बारामतीहून भवानीनगरला कारखान्यावर निघालो. इंदापूरची एसटी. खिडकीतून समोरून येणारी बारामतीची एसटी दिसली, तीही खचाखच भरलेली. आणि मोहनराव, माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झाले! इकडून रोज जितकी माणसे तिकडे कामाला जातात, जवळपास तितकीच तिकडून इकडे शिकायला, बाजाराला, दवाखान्याला येतात. जाण्याचा वेग आणि येण्याचा वेग सारखा. म्हणून बारामती बारामतीएवढीच राहते आणि भवानीनगर भवानीनगरएवढेच. दोन्ही गावे सारखी व्हावी लागत नाहीत! बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सगळे जागच्या जागी आहे. आत मात्र अखंड ये-जा चालू. दोन बाण! मी हे शेजारच्या गृहस्थांना सांगितले, ते झोपले. मागच्या बाकावरच्या बाईंना सांगितले, त्यांनी पिशवी जवळ ओढली. शेवटी कंडक्टरला सविस्तर सांगितले. तो भला माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, “काका, समदं बराबर हाय. पर भवानीनगर कवाच मागं गेलं. तुमचा समतोल लासुर्ण्यात उतरवू का इंदापुरात?” मी लासुर्ण्यात उतरलो आणि उलट्या दिशेची एसटी धरून, म्हणजे दुसऱ्या बाणाने, कामावर परतलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला प्रथमच उशीर झाला, आणि साहेबांनी कारण विचारल्यावर मी ते अत्यंत आनंदाने सांगितले. त्यांनी मला दुपारी विश्रांती घेण्यास सुचवले.

यानंतर ‘सामू’, म्हणजे ओवीच्या पुस्तकातला पीएच. हा शब्द आपल्या दुकानात दिवसातून अनेकदा उच्चारला जात असेल. मी तो माती परीक्षणाच्या अहवालात वाचला होता, परंतु माझा समज असा, की स्तंभाच्या डोक्यावर ज्या गोष्टीचे नाव, तिचा आकडा मोठा म्हणजे ती गोष्ट जास्त. आम्लतेचा आकडा मोठा, म्हणजे आम्ल जास्त. सरळ आहे. ओवीने इतकेच शिकवले होते, की सात म्हणजे मध्य, आणि आम्लाला चुना मारतो. पुढचा पाठ उद्या, असे ती म्हणाली. मला उद्यापर्यंत थांबवेना. पणदऱ्याच्या आमच्या सामाईक रानाचा खालचा तुकडा आपणास ठाऊक आहे. ऊस बोटाएवढा येतो आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरी साय धरते. त्याचा अहवाल काढून पाहिला, तर सामू चांगला साडेआठच्या पुढे! म्हणजे आम्ल उतू चालले आहे, असे मी ठरवले आणि तडक गेणबाकडे (माझा चुलत भाऊ, रान तोच पाहतो) चुन्याची पोती धाडून दिली.

गेणबाचा फोन आला. “नारायणराव, चुना लावायचा तुमच्या हापिसात. रानाला कशापायी?” मी त्याला सामूवर छोटेसे व्याख्यान दिले. तो म्हणाला, “व्हय व्हय, समदं कळलं. पर आज पाव्हणं येणार हायत, आज जमायचं न्हाय.” संध्याकाळी मी मोठ्या अभिमानाने हा उपक्रम ओवीला सांगितला. तिचा चेहरा पांढरा पडला. “बाबा, टाकला तर नाही ना? अहो, उलटं असतं ते! आकडा वाढला की आम्ल कमी होतं. ते रान आधीच क्षारपड आहे!” आम्ल वाढले की आकडा उतरतो, आणि आकडा एकाने उतरला की आम्ल दसपट झालेले असते! मोहनराव, ज्या तक्त्यात एकाचा फरक म्हणजे दहापट, असा तक्ता माझ्या टेबलावर आला असता तर मी तयार करणाऱ्याला उभा केला असता. ओवीने अहवाल हातात घेतला आणि तळाशी बोट ठेवले. तेथे जिप्सम टाकण्याची शिफारस स्वच्छ मराठीत छापलेली होती. मी ती वाचलीच नव्हती. मी आकडे वाचतो; शेरे वाचण्याची सवय नाही, शेरे मी लिहितो.

देवदयेने गेणबाच्या पाहुण्यांनी रान वाचवले. ते मुक्कामालाच राहिले, आणि गेणबाने रिकामा वेळ घालवण्यासाठी त्या चुन्याने गोठा रंगवून काढला. परवा विचारले, तर म्हणतो, “गोठा असा झालाय की म्हशी आत जाईनात. सायेबाचा बंगला हाय म्हणून भायेरच उभ्या ऱ्हात्यात.” ते असो. परंतु त्या रात्री माझ्या मनात काही बदलले. धडा अर्धा समजल्यामुळे मी एक रान बुडवणार होतो; आता तो पूर्ण समजल्याशिवाय मला चैन पडेना. नापास होण्यात माझे हित आहे, हे मी विसरूनच गेलो.

मग पाणी. जेवताना ओवी सहज म्हणाली, की अगदी शुद्ध पाण्याचेही कण किंचित फुटतात. आम्लाचा एक आयन, आम्लारीचा एक आयन, दोन्ही नेहमी हजर. आणि त्या दोघांचा गुणाकार (तापमान बदलले नाही तर) कायम. एक वाढला की दुसऱ्याला तितक्याच पटीने उतरावे लागते. मी घास हातातच धरून बसलो. द्विनोंदी पद्धत! एका बाजूची नोंद दुसऱ्या बाजूला पोहोचल्याशिवाय राहत नाही, हे साध्या पाण्याला ठाऊक आहे. आणि आमच्या विभागातील नव्या कारकुनाला ते मी अजून समजावतोच आहे. मी तांब्या उजेडात धरून न्याहाळू लागलो. यशोदा म्हणाली, “माशी पडलीय का?” मी म्हणालो, “नाही. फुटते आहे, जुळते आहे, फुटते आहे, जुळते आहे.” तिने तांब्या माझ्या हातून काढून घेतला आणि दुसरे पाणी आणले. त्यातही तेच चालले होते.

आता जे घडले त्याची एक आवृत्ती यशोदेने आपणास फोनवर सांगितलीच असेल. ही तपासलेली आवृत्ती. आमच्याकडे हळदीकुंकू होते. अशा वेळी पुरुषाने घराबाहेर असावे, ही रीत मी पाळतो, परंतु बफर द्रावणाचे एक उदाहरण सुटत नसल्यामुळे आतल्या खोलीत बसलो होतो. बाहेर गलका झाला. शेजारच्या लीलाबाईंच्या मोतिया रंगाच्या साडीवर हळद सांडली होती. संकटात मदत करावी, म्हणून मी साबणाचे पाणी घेऊन धावलो आणि पदरावर ओतले. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. एक बाई किंचाळल्या, “अगं बाई, रक्त!” त्या सर्व गोंधळात आनंदी माणूस मी एकटाच होतो. मी ओरडलो, “ओवी, साबण आम्लारी आहे! बाण उजवीकडे सरकला!” ओवी स्वयंपाकघरातून ओरडली, “मग बाबा, डावीकडे ढकला! सरबताचं लिंबू!” मी सरबतासाठी कापलेले लिंबू पदरावर पिळले, आणि मोहनराव, तो डाग सर्वांच्या डोळ्यांदेखत लालाचा पुन्हा पिवळा झाला! पुस्तकात जे दोन बाण कागदावर निपचित पडले होते, ते मी लीलाबाईंच्या पदरावर जिवंत सरकताना पाहिले.

लीलाबाईंनी पदर निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “भावजी, पिवळा होता तो लाल केलात, लाल होता तो पिवळा केलात. डाग गेला कुठं?” मी त्यांना नम्रपणे सांगितले, की समतोलात काही जात नाही, केवळ सरकते. त्यावर ज्या हसल्या त्या इतर सर्व बाया, लीलाबाई नव्हे. मात्र थोड्याच वेळात त्यांनीच हातरुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, आता यावर करून दाखवा. त्या संध्याकाळी वाण लुटायचे राहून गेले आणि सरबताची सर्व लिंबे विज्ञानाच्या कामी आली. बाया गेल्यावर मी यशोदेला उत्साहाने समजावू लागलो, की हळद हा आम्ल-आम्लारी ओळखणारा दर्शक आहे. ती म्हणाली, “त्यात नवल काय? हळदीत चुना घालूनच कुंकू करतात. माहीत नव्हतं तुम्हाला?” मी तिच्या कपाळाकडे पाहिले. लग्न झाल्यापासून रसायनशास्त्र माझ्यासमोर चहा घेऊन उभे राहत होते आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. समतोलावर बाहेरून ताण आणला, की तो ताण कमी होईल अशा बाजूला समतोल सरकतो, हा नियम मी एका वाचनात आत्मसात केला, कारण मी घरात वाणिज्याचा जोर जितका लावला तितके घर विज्ञानाकडे सरकले. समान आयनाचा परिणामही (द्रावणात असलेलाच आयन बाहेरून आणखी आला, की सुटे आयन पुन्हा जोडले जातात) मला आपल्यामुळेच समजला. एरवी आमच्या घरात माझ्या बाजूने बोलणारे एखाददुसरे माणूस सुटे फिरत असते. दिवाळीत आपण आलात, की तेही जाऊन बावड्याला चिकटते. हे उदाहरण मी ओवीला सांगितले, तेव्हा ती खूप वेळ हसली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, “बाबा, हे बरोबर आहे. अगदी बरोबर. मला हे असं सुचलंच नसतं.” मोहनराव, मला आजवर अनेक प्रशस्तिपत्रे मिळाली, त्यांपैकी कुठलेही मी झोपताना आठवत नाही.

आणि एक नोंद मला येथे करावीच लागेल. शिकवता शिकवता ती पोर पोहू लागली आहे. माझ्या प्रत्येक शंकेला (आणि माझ्या शंका कशा असतात, हे आमच्या विभागास विचारावे) तिला तळापर्यंत बुडी मारावी लागली. पूर्वी सूत्र पाठ करून म्हणायची, आता आधी विचार करते, नखाने ओठ खाजवते, आणि मग म्हणते, “थांबा, दुसऱ्या वाटेने सांगते.” ही दुसरी वाट ज्याला सापडते त्याला तो प्रांत कळला, असे मी मानतो. यशोदा म्हणाली, “मग सरळ सांगून टाका ना तिला, राहा बाई सायन्सला.” मी तसे सांगायला गेलोही. ओवीने ऐकून घेतले नाही. “दयेवर नको, बाबा. ठरलंय तसंच होऊ दे. परीक्षा द्या.” माझीच मुलगी आहे, ठराव तोंडी झाला तरी ठराव.

असो. पत्र लांबले. आपण मोठे आहात, गुडघ्याला जपावे, वहिनींना आमचा नमस्कार सांगावा, आणि करंडी परत पाठवत आहे ती मोजून घ्यावी.

आपला आज्ञाधारक मेहुणा (आता विद्यार्थीही),
नारायण

ता. क. वर ‘विशेष कारण नाही’ असे लिहिले आहे ते दुरुस्त करून वाचावे. त्रयस्थ परीक्षक म्हणून ओवीने आपले नाव सुचवले आणि मी ते विनाअट मान्य केले आहे. शिवरात्रीपूर्वीच्या रविवारी आपण येथे यावे, स्वतः प्रश्नपत्रिका काढून आणावी, समोर बसून माझी परीक्षा घ्यावी आणि जो लागेल तो निकाल दोघांसमोर जाहीर करावा. मी उत्तीर्ण झालो तर ओवी विज्ञानातच राहील. नात्याचा कसलाही विचार मनात आणू नये. मी तो माझ्या कामात कधी आणला नाही.

ता. ता. क. द्राव्यता गुणाकाराची उदाहरणे शक्यतो टाळावीत. त्यांत माझा घातांक ऐन वेळी घसरतो. बफरवर एखादा मोठा प्रश्न आल्यास हरकत नाही. तो मला चांगला येतो. सामूची व्याख्या विचारावी, ती मला झोपेतही येते. यास वशिला समजू नये, केवळ माहितीस्तव कळवले आहे. हे ओवीस कळू नये. पोरीचे पुढचे सगळे आयुष्य माझ्या एका पेपरवर टांगले आहे, मोहनराव, आणि मला शाळा सोडून फार वर्षे झाली.

मामा, मी ओवी. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वरचं सगळं वाचलं. त्यांचं ऐकू नका. पेपर अवघड काढा. द्राव्यता गुणाकार तर नक्की घाला, हवं तर पहिलाच. फक्त सुरू करायच्या आधी त्यांना चष्मा घातलाय का ते विचारा, घाबरले की विसरतात. बाकी काळजी करू नका. येईल त्यांना. मी शिकवलंय.